ग्लिया पेशींचे पटल आणि आयनांचा अंमल

जळूच्या शरीरात पोटाच्या बाजूने रक्ताने भरलेली एक लांब पोकळी असते आणि त्या पोकळीच्या आतूनच तिचा मज्जारज्जू जातो. त्या रज्जूवर, दोऱ्यात ओवलेल्या मण्यांप्रमाणे, डोक्याकडील व शेपटीकडील मेंदूंच्या दरम्यान एकवीस गुच्छिका असतात. यांपैकी कोणतीही एक गुच्छिका अलगद सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर तीत सुमारे ४०० चेतापेशी आढळतात, आणि त्या चारशेंना सामावून घेणाऱ्या मोठ्या ग्लिया पेशी मात्र मोजून आठ : सहा पेशींनी चेतापेशींच्या देहांचे सहा गट आपल्या घड्यांत लपेटून घेतलेले असतात, आणि उरलेल्या दोन महाकाय पेशी मधल्या तंतुजालात आपल्या शाखा पसरून असतात. गुच्छिकांना जोडणाऱ्या रज्जूच्या दोन मुख्य पदरांत आणखी एकेक पेशी असते, ती वेगळी. चेतापेशींचे विद्युत्‌-व्यवहार गेल्या शतकात इतक्या बारकाईने तपासले गेले की त्यांचा जमाखर्च आज पाठ्यपुस्तकांत पै-पैसह मांडलेला सापडतो. परंतु त्या व्यवहारांचा सर्व कचरा, विशेषतः बाहेर फेकला जाणारा पोटॅशियम, ज्यांच्या दारात येऊन पडतो त्या ग्लिया पेशींचे पटल कोणत्या आयनाला किती वाट देते, आणि ती वाट कोणाच्या हुकमाने रुंद वा अरुंद होते, या प्रश्नाचे उत्तर अनेक प्राण्यांवरील प्रयोगांतून तुकड्यातुकड्यांनीच हाती आलेले आहे. त्या तुकड्यांचा एकत्र आढावा घेण्याचा हा प्रयत्न आहे. आणि तो घेताना जे एक मत माझ्या मनात पक्के होत गेले ते आरंभीच सांगतो. ग्लिया पेशीचे पटल म्हणजे केवळ पोटॅशियमची खिडकी, हे उत्तर खोटे नाही, परंतु अर्धे आहे, आणि अपृष्ठवंशी प्राण्यांनी उरलेले अर्धे उत्तर आपल्यासमोर वारंवार ठेवूनही ते पुरेशा आस्थेने वाचले गेले नाही.

‘ग्लिया’ हा शब्द सरस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. रुडोल्फ विर्खो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८५६ मध्ये तो योजला तेव्हा चेतातंतूंना एकत्र चिकटवून धरणारा पदार्थ एवढीच त्याची कल्पना होती. आणि नावाचा परिणाम असा, की पुढे जवळजवळ शंभर वर्षे या पेशींकडे भिंतीतल्या चुन्याकडे पाहावे तसे पाहिले गेले. चुन्याला कोणी विद्युदग्र टोचून पाहत नाही.

येथे दोन गोष्टींची गल्लत टाळणे अवश्य आहे, कारण ती अभ्यासकांच्याही लिखाणात अधूनमधून होते. पेशीच्या आतबाहेरील विभवांतर ही एक गोष्ट आणि पटलाची संवाहकता ही दुसरी. विभवांतर हे आतल्या आणि बाहेरच्या आयनांची ओढ कोणत्या बाजूला स्थिरावली आहे ते सांगते. संवाहकता ही पटलातील वाट किती रुंद आहे ते सांगते. उणे ७० मिलिव्होल्टवर स्थिरावलेल्या दोन पेशींपैकी एकीचे दार सताड उघडे आणि दुसरीचे जेमतेम किलकिले असू शकते, आणि नुसते विभवांतर मोजणाऱ्याला हा भेद कधीच कळणार नाही. तो कळण्यासाठी पेशीत दोन विद्युदग्रे रोवून एकातून ठराविक प्रवाह सोडावा लागतो आणि दुसऱ्याने विभव किती ढळला ते पाहावे लागते. विभव जितका कमी ढळेल तितकी वाट रुंद. शिवाय आयनाचा संवाहकतेवरील परिणामही एकाच मार्गाने होत नाही. बाहेरचा पोटॅशियम वाढला की प्रवाह वाहून नेणारे आयनच वाढतात आणि त्यायोगे पोटॅशियमची संवाहकता थेट वाढते. त्याच वेळी विभव शून्याकडे सरकल्यामुळे विभवावर उघडझाप करणारे निराळे आयनमार्ग जागे होतात. बेरियमसारखा आयन मार्गाच्या मुखाशी अडकून तो बंद पाडतो. हायड्रोजनचा आयन काही मार्गांची कडी लावतो. आणि कॅल्शियम तर पेशीत शिरून तेथील यंत्रणेकरवी पटलावरच्या मार्गांची संख्याच बदलून टाकू शकतो. एकाच द्रावणात एकच क्षार बदलला, तरी यांपैकी किती गोष्टी एकदम घडल्या हे वेगळे करणे, हेच या शाखेतील खरे कष्टाचे काम आहे.

१९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बोस्टन येथील हार्वर्ड वैद्यक विद्यालयात स्टीफन कुफ्लर आणि डेव्हिड पॉटर यांनी या कामासाठी जळूची निवड केली, ती मुख्यतः तिच्या ग्लिया पेशींच्या आकारासाठी. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध आजही हाती घेतला तर त्यातील प्रयोगांचा नेमकेपणा मनाला मोहून टाकतो. काचेची नळी तापवून ताणलेली, टोकाशी डोळ्याला न दिसणारी विद्युदग्रे ग्लिया पेशीत शिरताच विभव एकदम उणे ७५ मिलिव्होल्टच्या आसपास उतरे. शेजारच्या चेतापेशीत तो इतका खोल कधी जात नसे. चेतापेशीला प्रवाहाचा धक्का दिला की ती आवेग फेके. ग्लिया पेशीला कितीही मोठा धक्का दिला तरी ती निमूटपणे विभव ढळू देई आणि धक्का थांबताच पूर्ववत होई. एका ग्लिया पेशीत सोडलेला प्रवाह शेजारच्या ग्लिया पेशीत पोहोचे, परंतु तिच्याच घड्यांत बसलेल्या चेतापेशीत पोहोचत नसे. म्हणजे ग्लिया पेशींचे आपसांत दळणवळण होते आणि चेतापेशींशी त्यांची सरहद्द पक्की होती. यापुढचे पाऊल विशेष धाडसाचे होते. त्यांनी एका गटाला लपेटणारी ग्लिया पेशी फाडून तिच्यातील जीवद्रव्य काढून टाकले, आणि उघड्या पडलेल्या चेतापेशी पूर्वीप्रमाणेच आवेग फेकत राहिल्या. जॉन निकोल्स आणि कुफ्लर यांनी त्याच वर्षी दाखवून दिले की रक्तातील सोडियम व इतर लहान रेणू चेतापेशीपर्यंत जातात ते ग्लिया पेशीच्या आतून नव्हे, तर पेशींमधल्या सुमारे १५ नॅनोमीटर रुंदीच्या फटींतून. ग्लिया पेशी हा अन्नपाण्याचा बोळ आहे ही त्या काळची एक लाडकी समजूत अशा रीतीने निकालात निघाली.

त्यानंतर १९६६ मध्ये कुफ्लर, निकोल्स आणि रिचर्ड ऑर्कंड यांनी नेक्टुरस या उभयचराच्या दृक्‌चेतेवर केलेल्या प्रयोगांनी असे दाखविले की तेथील ग्लिया पेशींचा विभव बाह्य पोटॅशियमच्या मागे अगदी काटेकोरपणे चालतो, आणि चेतातंतूंतून आवेग गेले की फटींत साठणाऱ्या पोटॅशियममुळे ग्लिया पेशींचा विभव सावकाश शून्याकडे सरकतो. हा निष्कर्ष सुबक होता, आणि सुबक निष्कर्षाचे होते तेच त्याचे झाले. तो ज्या प्राण्यावर सिद्ध झाला त्याची हद्द ओलांडून, जळू, कीटक, म्हाकूळ अशा सर्वांच्या ग्लिया पेशींवर त्याचा अंमल गृहीत धरण्यात आला. नेक्टुरस हा पृष्ठवंशी प्राणी आहे, याची आठवण पुष्कळांना राहिली नाही.

काटेकोर पोटॅशियम-पटल म्हणजे काय, हे एका हिशेबाने पाहू. जळूसाठी जे द्रावण प्रयोगशाळेत वापरतात त्यात पोटॅशियमचे प्रमाण लिटरला ४ मिलिमोल असते. पटल केवळ पोटॅशियमलाच वाट देत असेल, तर वीस अंशांच्या तपमानाला बाह्य पोटॅशियम दसपट केल्यास विभव ५८ मिलिव्होल्टने शून्याकडे सरकला पाहिजे, आणि ४ चा १० केल्यास सुमारे २३ मिलिव्होल्टने. जळूच्या तंतुजालातील महाकाय ग्लिया पेशीवर हे आकडे रुजू घालून पाहण्याचे काम जर्मनीत वोल्फगांग वाल्झ आणि वुल्फ-रुडिगर श्ल्यू यांनी १९८० नंतर हाती घेतले, एकेक आयन बदलून. पोटॅशियमचे वर्चस्व त्यांनाही दिसले. पण ते निर्विवाद राज्य नव्हते, त्यात इतरांचे हक्क होते. आणि त्याच काळात त्यांनी जे आणखी एक निरीक्षण नोंदविले ते मला या सर्व विषयाचे मर्म वाटते : सेरोटोनिन हे द्रव्य दिले असता ग्लिया पेशीचा विभव अधिक खोल उतरतो, आणि तो उतरतो याचे कारण पोटॅशियमची संवाहकता वाढते. जळूच्या प्रत्येक गुच्छिकेत रेत्सियस या नावाच्या दोन मोठ्या चेतापेशी असतात आणि त्या सेरोटोनिनने भरलेल्या असतात. म्हणजे ग्लिया पेशीची खिडकी किती उघडी असावी याविषयी चेतापेशीला हुकूम देता येतो. ती खिडकी भिंतीत कायमची बसवलेली नाही.

जळूच्या याच महाकाय पेशीने पुढे आणखी एक धडा दिला, आणि तो बायकार्बोनेटचा. द्रावणात कार्बन डायॉक्साइड आणि बायकार्बोनेट मिसळले की या पेशीचा विभव लगेच खोल उतरतो. पोटॅशियम तसाच आहे, क्लोराइड तसाच आहे, मग विभव उतरावा कशाने? योआखिम डाइटमर आणि श्ल्यू यांनी १९८९ मध्ये याचा छडा लावला : पटलात असा एक सहवाहक रेणू आहे की तो एका सोडियम आयनाबरोबर दोन बायकार्बोनेट आत आणतो, आणि म्हणून प्रत्येक खेपेत एक ऋण भार जास्त आत येतो. याचे दोन परिणाम लक्षात घेण्यासारखे आहेत. पहिला असा, की आपण ज्याला पटलाची संवाहकता म्हणून मोजतो तीत केवळ उघड्या मार्गांचाच नव्हे, तर अशा सहवाहकाचाही वाटा असू शकतो; प्रवाह सोडला आणि विभव कमी ढळला, तर तो सर्व पोटॅशियमचाच प्रताप असे म्हणता येत नाही. दुसरा परिणाम अधिक दूरगामी आहे. चेतापेशी कामाला लागल्या, फटींत पोटॅशियम साठला, ग्लिया पेशीचा विभव शून्याकडे सरकला की या सहवाहकाला आत वाहण्यास जोर येतो, बायकार्बोनेट पेशीत शिरतो, पेशीचा आतला भाग अल्कधर्मी होतो आणि बाहेरची फट किंचित आम्ल होते. पोटॅशियमने सुरू केलेला व्यवहार अशा रीतीने आम्ल-अल्काच्या खात्यात जाऊन मिटतो. डाइटमर यांच्या कायझर्सलाउटर्न येथील चमूने पुढे असेही दाखविले की याच पेशीवर ग्लुटामेटचे ग्राहक आहेत, आणि पोटॅशियममुळे विभव पुरेसा ढळला की कॅल्शियमचे मार्गही उघडतात. कुफ्लर यांनी जिला आवेगशून्य म्हणून नोंदविले तिच्या अंगी केवढा कारभार होता, हे पाहून अभ्यासकाने थक्क व्हावे.

म्हाकुळाची कथा याहून निराळी, आणि माझ्या मते तिला मिळाले त्याहून अधिक श्रेय मिळावयास हवे होते. कोकणच्या किनाऱ्यावर जे म्हाकूळ जाळ्यात येतात त्यांच्याच जातकुळीतील प्राण्यांच्या जाड चेतातंतूवर हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये आवेगाचे गणित मांडले. त्यानंतर चारच वर्षांनी, १९५६ मध्ये, फ्रांकेनहॉयसर आणि हॉजकिन यांच्या ध्यानात आले की आवेगांच्या मालिकेनंतर तंतूला अगदी लगटून असलेल्या, सुमारे ३० नॅनोमीटर रुंदीच्या जागेत पोटॅशियम साठतो आणि तो पाझरून जाण्यास वेळ लागतो. ती जागा बाहेरून बंद करणाऱ्या ग्लिया पेशी म्हणजे श्वान पेशी. त्यांच्यावर काम केले ते व्हेनेझुएलात, काराकास येथील संशोधन संस्थेत, होर्हे व्हियेगास यांनी. त्यांना आढळले की या पेशींचा विभव जळूच्या ग्लिया पेशींइतका खोल नसून उणे ४० मिलिव्होल्टच्या आसपासच असतो. म्हणजे विश्रांतीच्या अवस्थेत पोटॅशियमचे वर्चस्व येथे बरेच सैल. परंतु तंतूतून आवेगांची झड लागली की या पेशी शून्याकडे सरकण्याऐवजी उलट खोल जातात, आणि आवेग थांबल्यावरही मिनिटेच्या मिनिटे तशाच राहतात. ॲसिटिलकोलिन दिल्यास तेच घडते, आणि दोन्ही ठिकाणी कारण तेच : पोटॅशियमची संवाहकता वाढलेली असते. पुढे एडवर्ड लीबरमन, जोन ॲबट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये असा पुरावा मांडला की तंतूकडून श्वान पेशीकडे जाणारा निरोप ग्लुटामेटचा असावा. तंतूने पोटॅशियम बाहेर टाकायचा, त्याच वेळी निरोप धाडायचा, आणि निरोपाने श्वान पेशीची पोटॅशियमची वाट रुंद व्हायची, यापेक्षा चोख बंदोबस्त क्वचितच पाहावयास मिळतो.

कीटकांकडे वळताना एक जुनी आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात आम्ही मेणाच्या तबकात झुरळ पाठीवरून उघडून, टाचण्यांनी ताणून बसवीत असू. आतडी बाजूला सारल्यावर पांढरट मज्जारज्जू दिसे, आणि त्यावर एक पातळ, मोत्यासारखे चमकणारे वेष्टन असे. उत्तम विच्छेदन म्हणजे ते वेष्टन चिमट्याने सोलून गुच्छिका स्वच्छ दाखविणे, अशी आमची शिकवण होती, आणि मी ते पुष्कळदा सोलले. ज्या गोष्टीविषयी हा लेख आहे ती त्या सोललेल्या सालीत होती. टोळासारख्या पाने खाणाऱ्या कीटकांच्या रक्तात पोटॅशियम इतका चढतो की तेवढ्या पोटॅशियममध्ये चेतातंतूने आवेग वाहणे थांबवावे. ग्रॅहॅम हॉयल यांनी १९५२ मध्ये दाखविले की तो थांबत नाही, आणि वेष्टनच त्याचे रक्षण करते. बेटी ट्वारोग आणि केनेथ रोडर यांनी १९५६ मध्ये झुरळावर याचा पडताळा घेतला : वेष्टन शाबूत असताना भरपूर पोटॅशियमच्या द्रावणातही आवेग दीर्घ काळ चालू राहतात, वेष्टन काढताच ते झटपट बंद पडतात. पुढे केंब्रिज येथे जॉन ट्रेहर्न आणि त्यांचे सहकारी यांनी या वेष्टनाखालच्या पेशींचा थर, जो ग्लिया पेशींचाच आहे, विद्युत्‌दृष्ट्या उलगडला. रक्ताकडील पटल पोटॅशियमला भरपूर वाट देते, म्हणून बाहेर पोटॅशियम वाढताच ते पटल लगेच ढळते, आणि रज्जूच्या आत ठेवलेल्या विद्युदग्राला क्षणभर असे वाटते की चेतापेशींभोवतीचा पोटॅशियमच वाढला; प्रत्यक्षात पोटॅशियम आत गेलेलाच नसतो. एकाच पेशीच्या दोन बाजूंची संवाहकता भिन्न असू शकते, आणि बाहेरच्या बाजूचा ढळता विभव आतल्या बाजूचे मोजमाप भ्रष्ट करू शकतो, हा इशारा ट्रेहर्न यांच्या कामातून मिळाला, आणि तो आजच्या प्रयोगकर्त्यांनीही टेबलासमोर लिहून ठेवावा असा आहे.

संवाहकता मोजण्यातील दुसरी अडचण याच ओघात सांगून टाकतो. ग्लिया पेशी एकमेकींशी जोडलेल्या असल्यामुळे एकीत सोडलेला प्रवाह तिच्या पटलातून बाहेर जाण्याऐवजी शेजारणीत शिरतो. विभव कमी ढळतो, आणि मोजणारा समजतो की पटल फार वाहक आहे. जोड कमी झाला तरी आकडा बदलतो, पटल बदलले तरी बदलतो. जळूच्या महाकाय पेशी मोठ्या असूनही या फसगतीपासून मुक्त नाहीत.

नर मधमाशीच्या डोळ्यातील काम हे या सर्व इतिहासात मला सर्वांत सुंदर वाटते. जिनीव्हा येथे जोनाथन कोल्स आणि मार्कोस त्साकोपुलोस यांनी १९७९ मध्ये एक असाध्य वाटणारी गोष्ट साध्य केली : प्रकाशग्राही पेशी, ग्लिया पेशी आणि त्यांच्यामधली फट, या तिन्ही ठिकाणी पोटॅशियम ओळखणारी विद्युदग्रे ठेवून, डोळ्यावर प्रकाशाचे झोत पडत असताना तिन्ही खात्यांतील पोटॅशियम मोजला. प्रकाशग्राही पेशीत तो उतरला, फटीत चढला, आणि ग्लिया पेशीतही चढला. या दृष्टिपटलात ग्लिया पेशींनी निम्म्याहून अधिक जागा व्यापलेली आहे, तेव्हा तेथे जमा झालेला पोटॅशियम क्षुल्लक नव्हे. येथे एक साधा पण निर्णायक हिशेब करून पाहावा. पेशीपटलाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरची धारिता सुमारे एक मायक्रोफॅराड असते. विभव ६० मिलिव्होल्टने ढळवण्यास तेवढ्या पटलातून एका मोलच्या लाखकोटीव्या भागाहूनही कमी पोटॅशियम आत यावा लागतो. याचा अर्थ असा, की पोटॅशियम जर एकटाच आत येऊ लागला तर मोजता येण्याजोगे प्रमाण जमण्याच्या फार आधी विभव इतका ढळेल की पुढचा पोटॅशियम थांबेल. एकट्या धन भाराला पेशीत मुक्काम करता येत नाही. त्याने एक तर दुसऱ्या टोकाने, जेथे पोटॅशियम कमी आहे तेथे, बाहेर पडावे, हा झाला ऑर्कंड, निकोल्स आणि कुफ्लर यांनी १९६६ मध्ये सुचविलेला मार्ग. किंवा त्याच्याबरोबर एखादा ऋण भार यावा. मधमाशीच्या ग्लिया पेशीत पोटॅशियम चढतो आणि टिकतो, त्या अर्थी दुसरा मार्ग चालू असला पाहिजे. आणि कोल्स, ऑर्कंड व यामाटे यांनी १९८९ मध्ये दाखविले की प्रकाश पडला असता क्लोराइड खरोखरच ग्लिया पेशींत शिरतो.

याच डोळ्यात ग्लिया पेशी ग्लुकोज घेऊन त्याचे रूपांतर करून प्रकाशग्राही पेशींना इंधन पुरवितात, हेही त्साकोपुलोस व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये सिद्ध केले. तो विषय मोठा आहे आणि येथे त्याचा नुसता निर्देश पुरे.

गेल्या दोन-तीन दशकांत या क्षेत्राचा मुलूखच बदलला. विद्युदग्रांची जागा जनुकांनी घेतली, आणि जळूची जागा फळमाशी व सूत्रकृमी यांनी. फळमाशीच्या झायडेको या उत्परिवर्तनात माशीला उष्णता लागताच झटके येतात, आणि दोष चेतापेशींत नसून त्यांच्या देहांना लपेटणाऱ्या ग्लिया पेशींतील एका विनिमयक रेणूत आहे, असे मेलम आणि ट्रॉय लिटलटन यांनी २०१३ मध्ये कळविले. सोडियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम यांची अदलाबदल करणारा हा रेणू निकामी झाला की ग्लिया पेशीत कॅल्शियम चढून राहतो. त्याने पोटॅशियमच्या वाटेवर काय परिणाम व्हावा? २०१९ मध्ये त्याच प्रयोगशाळेने उत्तर दिले : चढलेला कॅल्शियम पटलाचे तुकडे आत ओढण्याची प्रक्रिया बळावतो, आणि सँडमन नावाचा पोटॅशियम-मार्ग पटलावर पुरेसा राहत नाही. ती ओढ औषधाने किंवा जनुकीय उपायाने कमी केली की झटके थांबतात. एका आयनाने दुसऱ्या आयनाची संवाहकता दार बंद करून नव्हे, तर दारच उखडून आत नेऊन कमी करावी, हे या माशीने दाखविले. फळमाशीच्याच परिघीय चेतांत सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड यांना एकत्र वाहणारा एनसीसी-६९ हा सहवाहक ग्लिया पेशींत नसला, तर तंतूंच्या भोवती पाणी साठून चेता ठिकठिकाणी फुगते.

सूत्रकृमी सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगान्स हा एक मिलिमीटरभर लांबीचा जीव. त्याच्या उभयलिंगी प्रौढात ३०२ चेतापेशी आणि ५६ ग्लिया पेशी, आणि त्यांतील प्रत्येकीला नाव आहे. त्याच्या नाकाजवळील एका ग्लिया पेशीत एसीडी-१ नावाचा मार्ग आहे, तो सामान्यतः उघडा असतो आणि आम्लाने बंद होतो. त्याच पेशीत सीएलएच-१ हा क्लोराइड-मार्ग आहे आणि तो क्लोराइडबरोबर बायकार्बोनेटलाही जाऊ देतो. जळूच्या महाकाय पेशीने जो संबंध एका सहवाहकाकरवी जोडला तो येथे एका मार्गाकरवी जोडलेला आहे. आणि २०१६ मध्ये असे आढळले की उष्णता ओळखणाऱ्या एका चेतापेशीच्या टोकाभोवती याच ग्लिया पेशीने पोटॅशियम व क्लोराइडचा एक सहवाहक नेमका त्याच जागी रचून ठेवला आहे, आणि तेथला क्लोराइड चेतापेशीच्या एका ग्राहकाला आवर घालून तिच्या टोकाचा आकार ठरवतो. ग्लिया पेशीच्या क्लोराइड-व्यवहारावर शेजारच्या चेतापेशीचे रूप अवलंबून असावे, हे विर्खोला सांगितले असते तर त्याने आपला शब्द मागे घेतला असता, असे मला वाटते.

या सर्व पुराव्यांनंतर माझा निकाल असा आहे. अपृष्ठवंशी ग्लिया पेशींत पोटॅशियम मुख्य आहे; परंतु त्याची वाट स्थिर नसून सेरोटोनिन, ॲसिटिलकोलिन, ग्लुटामेट आणि कॅल्शियम यांच्या हुकमाने ती घडीघडीला बदलते, आणि ज्या आयनाच्या साथीने पोटॅशियमचा साठा टिकू शकतो तो क्लोराइड मात्र प्रयोगशाळांच्या दप्तरांत उपेक्षित राहिला. मधमाशीने, फळमाशीने आणि सूत्रकृमीने तीन वेगळ्या मार्गांनी त्याच्याकडेच बोट दाखविले आहे. ग्लिया पेशीची संवाहकता मोजली असे यापुढे ज्या कोणी लिहावे, त्याने पोटॅशियमइतक्याच काळजीने क्लोराइडचाही तपशील द्यावा, आणि जोडलेल्या शेजारी पेशींचा वाटा वजा केला की नाही तेही सांगावे. त्यावाचून तो आकडा अपुरा समजावा.

सुश्रुताने सूत्रस्थानात जळवांसाठी एक अख्खा अध्याय दिला आणि त्यांचे बारा प्रकार सांगितले. आपल्या तळ्यांत आणि पाणथळांत आढळणारी हिरुडिनारिया ग्रॅन्युलोसा ही जळू भारतातील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासली आहे. जे तरुण आज ती हाती घेतील त्यांना एवढीच विनंती, की मज्जारज्जू दिसताच वरचे वेष्टन सोलून टाकण्याची घाई करू नका. आधी गुच्छिकेत चेतापेशींना लपेटून बसलेल्या मोठ्या ग्लिया पेशी ओळखून त्यांचे नीट रेखाटन करा.